मनोगत माझं, मजकूर त्यांचा

"हा ड्रेस काढ," वसतिगृहाच्या चिटणीस बाई म्हणाल्या.

मी नववीत होते. शाळेच्या वार्षिक बक्षीस समारंभाचा दिवस. रत्नागिरीतल्या आमच्या शाळेचं सभागृह भरलं होतं आणि मी स्टेजमागच्या खोलीत उभी होते, जिथे नाटकाचे पडदे आणि मोडकी बाकं ठेवतात तिथे. अंगात नवा मोरपंखी ड्रेस. आईने सावर्ड्याच्या बाजारातून आणलेला. मुलगी स्टेजवर बोलणार म्हणून.

"का, बाई?"

"अगं, तू वसतिगृहातर्फे बोलणार ना? या कपड्यांत गरीब दिसशील का तू? मुंबईहून देणग्या देणारे दाते आलेत. त्यांना काय वाटेल?"

त्यांनी एका पिशवीतून जुना युनिफॉर्म काढला. कुणाचा होता कोण जाणे. कोपराला ठिगळ होतं आणि काखेत दुसऱ्याच कुणाचा घाम वाळलेला होता. मी पडद्याआड जाऊन तो घातला. बाहेर आले तर माझ्या वेणीत अबोलीचा गजरा राहिला होता. बाईंनी तो स्वतः काढला. दोन बोटांनी, ताटातला केस काढतात तसा.

"आता कशी बरोबर दिसतेस."

मग त्यांनी हातात कागद दिला. आमच्या वसतिगृहाची ती प्रथा होती. दर वर्षी एका मुलीने समारंभात मनोगत वाचायचं. म्हणायचं मनोगत, पण लिहायचे आमचे मराठीचे सर. मुलीने फक्त वाचायचं. कागद बहुतेक वेळा आयत्या वेळी मिळायचा, कारण आधी दिला तर मुली पाठ करतात आणि मग खरं वाटत नाही, असं बाईंचं म्हणणं.

मी माइकसमोर गेले. वाचू लागले. माझं नाव, माझं गाव. मग हे आलं :

"माझे वडील दारूच्या आहारी गेले आणि आमचं घर उघड्यावर पडलं. आई दुसऱ्यांच्या दारात भांडी घासू लागली. अशा काळोखात या संस्थेने माझा हात धरला."

माझे बाबा मागून तिसऱ्या रांगेत बसले होते. पांढरा शर्ट घालून. मुंबईत एका ऑफिसच्या इमारतीत ते लिफ्टमन होते. खास रजा काढून आले होते. शेजारी आई. आई काजूच्या कारखान्यात कामाला जायची. दुसऱ्यांच्या दारात तिने कधी भांडी घासली नव्हती, आणि घासली असती तर तिने ते स्वतः सांगितलं असतं.

मी थांबले नाही. वाचत गेले. कागद हातात दिला की खाली मान घालून स्पष्ट उच्चारात शेवटपर्यंत वाचायचं, हे शाळेनेच शिकवलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. "हात धरला" आलं आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असताना दाते आणि चिटणीस बाई माझ्याजवळ आल्या. बाईंनी माझ्या तोंडात पेढा घातला. फोटोवाल्याचा फ्लॅश पेटला नाही.

"थांब, गिळू नकोस," बाई हसरा चेहरा न मोडता म्हणाल्या. "तोंड उघडंच ठेव. फोटो यायचाय."

मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले. पेढा टाळूला चिकटून विरघळत होता. लाळ सुटली होती आणि ती गिळायचीही नव्हती. दात्यांनी माझ्या डोक्यावर हात धरला होता. ठेवला नव्हता. केसांपासून वीतभर वर अधांतरी धरला होता. तो फोटो शाळेच्या वार्षिक अंकात आहे. त्यात तो हात डोक्यावर ठेवल्यासारखा दिसतो.

समारंभ संपल्यावर आम्ही तिघं एसटीने गावी निघालो. गाडी हातखंब्याच्या फाट्यावर आली. मग बाबा म्हणाले, "उच्चार स्पष्ट होते तुझे, बाय. मागपर्यंत ऐकू येत होतं."

आईने विचारलं, "ड्रेस कुठाय?"

"पिशवीत."

एवढंच. मला तेव्हा खिडकीतून ओकारी आली. आई म्हणाली, गाडी लागली असेल. गाडी मला कधीच लागत नाही.

बाबा दारू पीत नाहीत. हे मला इथे लिहावं लागतं, याचीच चीड येते. आमच्या बौद्धवाडीत आजोबांच्या पिढीने धम्म घेतला. पंचशील आमच्याकडे भिंतीवर टांगायला नाही. रोज संध्याकाळी बाबा ते म्हणतात, मुंबईच्या खोलीत एकटे असले तरी म्हणतात, आणि पाचवं शील दारूचं आहे. दारूला शिवणार नाही असं जो माणूस रोज मोठ्याने म्हणतो, त्याच्या मुलीच्या तोंडून तीनशे लोकांना तो दारुडा असल्याचं सांगण्यात आलं.

वाडीतला एक जण त्या हॉलमध्ये होता. आम्ही घरी पोचून दोन दिवस झाले नाहीत तोवर विहिरीवर शेजारची काकी हसत म्हणाली, "काय गो, तुझा बाबा मुंबयला जाऊन पितो होय? आमच्या ह्यांना कधी नाय पाजली ती!" सगळ्या हसल्या. चेष्टाच होती. बाबांच्या कानावर गेली तेव्हा बाबाही हसले.

पण त्यानंतर बाबा सुट्टीवर आले की माणसांशी जरा जास्त जवळ जाऊन बोलायचे. समोरच्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. आधी मला कळेना असं का करतात. मग कळलं. आपल्या तोंडाला वास येत नाही, हे समोरच्याला कळावं म्हणून.

मी कृतघ्न नाही. वसतिगृहात मला दोन वेळचं जेवण होतं, वाचायला ट्यूबलाइट होती, ग्रंथालयाची चावी सर माझ्याकडे सोपवायचे. घरातली पहिली पदवीधर मी आहे आणि त्यात त्या भाताचा वाटा आहे. ते मी कुणापुढेही कबूल करीन. पण आम्हाला तो भातही नुसता मिळत नसे. वाढून झालं की हात जोडून दात्यांचं नाव घ्यायचं, मग घास. नाव घेईपर्यंत आमटीवर साय धरायची. एकदा एक मुलगी नाव विसरून आधीच जेवू लागली, तर तिला ताटावरून उठवून पुन्हा बसवलं. पुन्हा नाव. पुन्हा घास.

दहावीत मनोगत दुसऱ्या मुलीने वाचलं. राजापूरकडची, अबोल. मी खाली बसले होते. तिच्या अंगातलं कोपराला ठिगळ लावलेलं कापड मी लगेच ओळखलं. ती वाचू लागली. नाव बदललं होतं. गाव बदललं होतं. बाप तोच होता.

तोच दारूच्या आहारी गेलेला बाप. तीच भांडी घासणारी आई. तोच काळोख. आणि टाळीही त्याच जागी पडली.

काहीतरी घाण माझ्यासमोर चाललंय हे मला कळत होतं, पण काय घाण आहे हे सांगता येईना. गरिबांना मदत करणाऱ्यांना नावं कशी ठेवायची? मैत्रिणीला म्हटलं, तर ती म्हणाली, "तुला नाही ना वाचायचं या वर्षी? मग गप."

ते सांगायला मला ज्यांनी शिकवलं, ते तेच सर. मनोगत लिहिणारे.

शाळेच्याच आवारात ज्युनिअर कॉलेज होतं. अकरावीला सर आम्हाला शनिवारी एक जादा तास घेत. पुस्तकात नसलेलं शिकवत. त्या वर्षी त्यांनी भाषणाचं विश्लेषण घेतलं. एखादं भाषण घ्यायचं आणि ते ऐकणाऱ्याला कसं पटवतं, हे उलगडून निबंध लिहायचा. सर शिकवत तेव्हा वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येई. असा शिक्षक मला पुढे पदवीपर्यंत मिळाला नाही, हेही खरं आहे.

पहिल्या निबंधात मी शाळेतल्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणावर लिहिलं : भाषण अतिशय सुंदर होते, वक्त्यांची वाणी ओघवती होती, मन भारावून गेले. मला वाटलं, सर खूश होतील. सरांनी लाल शाईने आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "हे कौतुक आहे. भाषण काय सांगतं ते मला माहीत आहे. ते काय करतं ते लिही."

मला अर्थच लागेना. मी सरांना गाठलं. ते म्हणाले, "बाजारात जातेस ना? मासेवाली काय बोलते ते ऐक. बांगडा ताजा आहे असं ती सांगते. पण त्या बोलण्याने ती तुझ्याकडून काय करवून घेते, ते बघ."

मी खरंच गेले. बाजारात एक मासेवाली गिऱ्हाइकाला म्हणत होती, "ताई, तुला नको तर नको घेव, पण ह्यो बघून तरी जा. सकाळपासून कुणाला दाखवलेला नाय." ताई थांबली. बघितला. घेतला. ताई वळली आणि मासेवालीने टोपलीतून तसाच दुसरा काढून वर ठेवला, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बघतेस गो? तुला पन दाखवू, कुणाला न दाखवलेला?" मला हसू आलं. आणि लख्ख कळलं. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, ऐकणाऱ्याकडून काय हवंय. आणि त्यासाठी काय समोर ठेवलंय, काय टोपलीत झाकलंय.

त्यानंतर माझे निबंध सुधारले. सर ते वर्गात वाचून दाखवू लागले. मला फार अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर सरांनी मोठा निबंध दिला. स्वतः ऐकलेलं कुठलंही भाषण निवडा. त्याच आठवड्यात चिटणीस बाईंनी मला वसतिगृहाच्या ऑफिसात बोलावलं. "या वर्षी पुन्हा तूच वाच. तुझा आवाज भिडतो लोकांना. मागच्या वर्षीची मुलगी पुटपुटली नुसती."

मी खोलीवर आले आणि निबंधाला विषय मिळाला.

एकदा वाचून, एकदा ऐकून मनोगत मला पाठ झालं होतं. ते मी आधी जसंच्या तसं लिहून काढलं आणि मग त्याच्याकडे त्या मासेवालीकडे बघितलं तसं बघितलं. निबंधातला काही भाग मला अजून आठवतो. मी लिहिलं होतं : "हे भाषण मुलीच्या तोंडी आहे, पण यात मुलगी काहीच करत नाही. ती अभ्यास करत नाही, पहिली येत नाही. तिला उचललं जातं, घडवलं जातं, उभं केलं जातं. तिचे आईवडील समोर बसलेले असले तरी भाषण त्यांच्यासाठी नाही. ते पहिल्या रांगेसाठी आहे. बाप जितका वाईट, तितकी पहिली रांग चांगली. बाप नुसता कष्टाळू असता, तर मुलीला मिळालेली मदत तिच्या हुशारीमुळे मिळाली असं वाटलं असतं, आणि टाळी मुलीला पडली असती. म्हणून बाप दारुडा करावा लागतो. मुलीचे कपडेही या भाषणाचाच भाग आहेत. ते भाषणासोबत दर वर्षी त्याच पिशवीतून येतात."

शेवटी लिहिलं : "वडिलांना विचारलेलं नाही. माझे वडील दारू पीत नाहीत."

सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. दुसरं कुणी नव्हतं. निबंध त्यांच्यासमोर होता आणि त्यावर लाल शाईत पैकीच्या पैकी गुण होते. ते चष्मा पुसत होते.

"उत्तम लिहिलंयस," ते म्हणाले. "इतकं नेमकं मला बी.ए.च्या मुलांनी लिहून दिलेलं नाही."

मी निबंध घ्यायला हात पुढे केला.

"पण हे इथेच राहू दे. संस्थेच्या मंडळापर्यंत जायला नको."

"सर, तुम्ही माझ्या बाबांना विचारलं होतं?"

"अगं, तो एक साचा आहे. मला सांगितलं जातं तसं मी लिहितो. दात्यांना तसंच लागतं. त्यावर तुमचं जेवण चालतं, हेही बघ ना."

"सर, दारूच का घातलीत?"

ते म्हणाले, "लोकांना पटकन पटतं."

कुणाच्या बाबतीत पटकन पटतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्यांनीच मला शिकवलं होतं, न बोललेलं ऐकायला. निबंध त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावून घेतला. मला परत दिला नाही.

मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. मनोगताला नाही म्हटलं तर वसतिगृहातली जागा जाईल आणि बारावीचं वर्ष तोंडावर आहे, हेही सांगितलं. पलीकडून लिफ्टच्या दाराचा आवाज येत होता. कुणाला तरी "चौथा ना, साहेब?" असं म्हणून मग ते मला म्हणाले, "त्या दिवशी मला उठून जायचं होतं. पण मी उठलो असतो तर तुझं वाचन मोडलं असतं. म्हणून बसून राहिलो." आणि पुढे म्हणाले, "पुन्हा बसायचं झालं तर बसेन मी. तुझं शिक्षण होऊ दे."

पुन्हा बसेन मी. या वाक्याने माझं ठरलं. माझा बाप तिसऱ्या रांगेत पुन्हा बसणार नाही.

समारंभाच्या दिवशी मी त्याच स्टेजमागच्या खोलीत गेले. ड्रेस मोरपंखीच घातला होता. आईने शिवण उसवून लांब करून दिला होता. बाईंनी पिशवी पुढे केली.

मी म्हटलं, "बाई, मी हे घालणार नाही. आणि माझ्या बाबांबद्दलचं वाक्य वाचणार नाही. ते दारू पीत नाहीत."

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्या. "अगं, तुमच्यात असतंच की थोडंफार. एवढं काय लागलं तुला?"

तुमच्यात. दहा माणसांत मी तो शब्द आधीही ऐकला होता, पण इतक्या प्रेमळ आवाजात पहिल्यांदाच. अंगावर पाल पडावी तसं झालं. त्यांना ते खोटं वाटतच नव्हतं. माझ्या बाबांना न बघता, न विचारता, त्यांना ते माहीतच होतं. साच्यात दारू कुठून आली ते तेव्हा मला दिसलं.

"आमच्यात नसतं," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं नाहीत."

"जागेसाठी मुली थांबल्यात, लक्षात ठेव."

"हो, बाई."

मी स्टेजमागून निघाले आणि हॉलमध्ये जाऊन बसले नाही. सरळ खोलीवर जाऊन ट्रंक भरली. त्या दिवशी मनोगत कुणी वाचलं मला माहीत नाही. कुणीतरी वाचलंच असणार.

जागा गेली. बारावी मी रत्नागिरीजवळच्या नाचणे गावात आत्याच्या भाड्याच्या खोलीत राहून केली. पाच माणसं आणि एक खोली. तिथे जेवताना कुणाचं नाव घ्यावं लागत नसे. आत्या उलट ओरडायची, "घास तोंडात घेऊन काय बघत बसलीस? गीळ!" त्या पेढ्यानंतर मला घास तोंडात धरून ठेवायची खोड लागली होती. ती तिने ओरडून ओरडून घालवली.

आता मी मराठी शिकवते, सावर्ड्याच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात. बाबा निवृत्त होऊन गावी आलेत. माणसांच्या अजून फार जवळ जाऊन बोलतात. सवय गेली नाही ती.

गेल्या महिन्यात त्या संस्थेच्या ऑफिसातून फोन आला. यशस्वी माजी विद्यार्थिनी म्हणून समारंभाला यावं, शाल-श्रीफळ देणार आहेत, चार शब्द बोलावेत. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर मुद्दे आले. "ताईंनी पुढील मुद्दे घ्यावेत ही विनंती." पहिला मुद्दा होता, घरची परिस्थिती. कंसात, हलाखी, व्यसनाधीनता इत्यादी.

इत्यादी.

मी उत्तर पाठवलं : "मी नववीत असताना तुमच्या माइकवरून माझ्या वडिलांना दारुडा म्हटलं गेलं. ते खोटं होतं, हे त्याच माइकवरून संस्थेच्या माणसाने सांगावं. वडील पहिल्या रांगेत बसलेले असतील. त्यानंतर मी बोलेन." तिकडून हात जोडलेलं चित्र आलं. "बघतो, ताई." मग काही नाही. समारंभ होऊन गेला.

बाबा म्हणाले, "जायचं होतंस. शाल मिळाली असती."

"बाबा, ते आधी बोलतील. मग शाल."

अकरावीच्या मुलांना मी भाषणाचं विश्लेषण शिकवते. पहिल्याच तासाला ते मनोगत फळ्यावर लिहिते, पहिल्या शब्दापासून, न बघता. नाव-गाव गाळते. मुलं वहीत उतरवतात, एखाद्या मुलीचे डोळे भरतात. मग मी विचारते, हे बोलतंय कोण? लिहिलं कुणी? बापाला विचारलं का? मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, बाप समोरच बसलेला असला तर?"

तिथून तास सुरू होतो.

या वर्षीही लिहिणार आहे. पुढच्या वर्षीही. संस्था माइकवरून बोलेपर्यंत, आणि बोलली तरी. बापाच्या वाक्याला आलं की मी दाबून लिहिते, खडू मोडतो. मोडू दे. दुसरा घेईन.